थरांच्या सीमेवर उठलेली लहर

कोबाल्ट, लोह आणि बोरॉन यांच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ, नॅनोमीटरांत मोजावा लागणारा थर. त्याला चिकटून मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर, जो वीज वाहू देत नाही. त्याच्यावर धातूची एक अरुंद पट्टी. या पट्टीला सेकंदाला अब्जावधी वेळा खाली-वर होणारा विद्युतदाब दिला की खालच्या चुंबकात लहर (स्पिन-लहर) उठते आणि पट्टीची हद्द ओलांडून पुढे चालू लागते. जपानच्या रिकेन संस्थेतले बिवास राणा, योशिचिका ओतानी आणि त्यांचे सहकारी यांनी हे करून दाखवलं आणि 2017 साली प्रसिद्ध केलं. पट्टीखालचं चुंबकन, म्हणजे चुंबकत्वाची दिशा, नुसत्या विद्युतदाबाने डोलवणं त्याआधी जमलं होतं. ते डोलणं सुसंगत लहर होऊन बाहेर पडलं, ही पुढची पायरी होती.

शाळेत आपण ओर्स्टेडचा प्रयोग शिकतो. 1820 साल, तारेतून प्रवाह सोडला आणि शेजारची होकायंत्राची सुई वळली. तेव्हापासून विजेने चुंबक हलवायचं म्हणजे प्रवाह हवा, हे डोक्यात पक्कं बसतं. विद्युतघंटा, मोटर, क्रेनचं विद्युतचुंबक, सगळीकडे तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात आणि तार तापते. इथे मात्र दोन धातूंच्या मध्ये विद्युतरोधक थर घातलेला आहे आणि काम करतोय तो दाब. हे कसं शक्य झालं, आणि लहर खरोखर दाबानेच उठली हे कसं ठरवायचं, या दोन प्रश्नांभोवती हे प्रकरण फिरतं. दुसरा प्रश्न मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळणार आहे.

लहर म्हणजे नेमकं काय हलतं

चुंबकातल्या प्रत्येक अणूला एक छोटंसं चुंबकत्व असतं. त्याचं मूळ इलेक्ट्रॉनच्या स्पिनमध्ये, म्हणजे त्याच्या अंगभूत फिरकीसारख्या गुणात. लोखंडासारख्या पदार्थात शेजारी शेजारी असलेले स्पिन एकमेकांना घट्ट बांधलेले असतात आणि सगळे एका दिशेला तोंड करून उभे राहतात. एकाला किंचित कलवलं तर तो सरळ परत येत नाही, वेग मंदावलेल्या भोवऱ्यासारखा आपल्या मूळ दिशेभोवती घुमत राहतो. शेजारच्याला त्याची ओढ लागते, तोही घुमू लागतो, पण थोडा उशिरा.

लेझीमची लांब रांग आठवा. पहिला वाकतो, अर्ध्या ठेक्याने दुसरा, मग तिसरा. जागा कोणीच सोडत नाही, पण वाकण्याची लाट रांगेच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाते. स्पिन-लहर ती हीच. चुंबक तापल्यावर त्याची ताकद का घटते हे समजावताना फेलिक्स ब्लॉख यांनी 1930 साली ही कल्पना मांडली. लहरीच्या पुंजाला, म्हणजे तिच्या सर्वांत लहान हप्त्याला, मॅग्नॉन म्हणतात.

या लहरीतून माहिती नेता आली तर इलेक्ट्रॉन वाहावे लागत नाहीत, म्हणजे त्यांच्या वाहण्यातून होणारी उष्णता वाचते. दुसरा फायदा तरंगलांबीचा. पाच गिगाहर्ट्झची रेडिओलहर हवेत सहा सेंटिमीटर लांब असते. त्याच वारंवारतेची स्पिन-लहर मायक्रोमीटरमध्ये, कधी त्याहूनही लहान मापात मावते. चिपवर बसवायचं तर हा फरक फार मोठा.

अडचण होती ती लहर उठवण्याची. नेहमीची रीत म्हणजे चुंबकाच्या थरावर बारीक तार आखायची आणि तिच्यातून उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडायचा. त्याचं चुंबकक्षेत्र स्पिनना हलवतं. पण तार तापते, आणि क्षेत्र तारेच्या दोन्ही अंगांना पसरतं, हवं तिथेच राहत नाही. उष्णता टाळण्यासाठी स्पिन-लहर निवडायची आणि ती उठवताना तारेत उष्णता ओतायची, यात मूळ हेतूच हरवतो.

दाब पोचतो कुठवर

धातूच्या आत विद्युतक्षेत्र शिरत नाही. मोकळे इलेक्ट्रॉन लगेच पृष्ठभागावर गोळा होतात आणि आतल्या भागावर पांघरूण घालतात. दाबाचा परिणाम जेमतेम पहिल्या अणुथरापर्यंत जातो. मिलिमीटरभर जाडीच्या लोखंडाला दाब दिला तर लक्षावधी थरांतला एक थर किंचित बदलेल आणि बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही. म्हणून बराच काळ धातूच्या चुंबकावर नुसत्या दाबाने काही होईल यावर फारसा विश्वास नव्हता.

उत्तर सरळ आहे, करायला मात्र कठीण. चुंबकच इतकं पातळ करायचं की पृष्ठभाग हाच त्याचा मोठा हिस्सा व्हावा. 2007 साली लोह-प्लॅटिनम आणि लोह-पॅलेडियमच्या पातळ थरांवर, द्रव विद्युतअपघटनीत बुडवून, हा परिणाम दिसला. द्रवातले आयन संथ असतात, त्यामुळे गिगाहर्ट्झचा विचार तिथे करताच येत नव्हता. 2009 साली ओसाका विद्यापीठातल्या योशिशिगे सुझुकी यांच्या गटाने तेच घन पदार्थात केलं: लोखंडाचे काही अणुथर आणि त्यावर मॅग्नेशियम ऑक्साइड. नॅनोमीटरला 0.1 व्होल्टपेक्षा कमी क्षेत्रात चुंबकाच्या विषमदैशिकतेत सुमारे 40 टक्के बदल झाला.

विषमदैशिकता हा शब्द जड आहे, पण त्याचा अर्थ साधा: चुंबकाला आवडणारी दिशा आणि त्या आवडीची तीव्रता. 2009 च्या त्या निबंधाच्या लेखकांमध्ये अश्विन तुळापूरकर हे नाव आहे. ते आज आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात शिकवतात. 2005 साली नेचरमध्ये आलेल्या स्पिन-डायोडच्या शोधनिबंधाचे ते पहिले लेखक. उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने चुंबकन डोलू लागलं की चुंबकीय जोडाच्या (दोन चुंबकी थर आणि मध्ये पातळ विद्युतरोधक) दोन टोकांमध्ये मोजता येईल असा एकदिश दाब तयार होतो, असा तो परिणाम. पुढे नुसत्या दाबाने डोलणारं चुंबकन पकडायलाही याच धर्तीचं मोजमाप कामी आलं.

आता 40 टक्के बदल व्हायला किती इलेक्ट्रॉन लागतात, हा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. मॅग्नेशियम ऑक्साइडचा विद्युत-पारगम्यता अंक जवळपास 10 धरला आणि क्षेत्र नॅनोमीटरला 0.1 व्होल्ट, तर लोखंडाच्या सीमेवर सुमारे सव्वादोनशे अणूंमागे एक इलेक्ट्रॉन वाढतो किंवा कमी होतो. एवढाच. पण तो नेमका त्या जागी वाढतो जिथे लोखंडाचा अणू ऑक्सिजनच्या अणूला टेकलेला आहे, आणि चुंबकाने सपाट राहायचं की उभं हे ठरवण्यात त्याच जागेच्या कक्षांचा मोठा वाटा असतो.

या थरात दोन ओढी सतत भांडत असतात. थराचा आकार म्हणतो, चुंबकन पृष्ठभागाला समांतर झोपून राहू दे. ऑक्साइडशी असलेली सीमा म्हणते, ताठ उभं राहू दे. आकाराची ओढ जाडीबरोबर वाढते, सीमेची ओढ वाढत नाही, कारण थर जाड केला तरी सीमा एकच. कोबाल्ट-लोह-बोरॉनच्या थरात दोन्ही पारडी साधारण दीड नॅनोमीटरच्या आसपास सारखी होतात. तोहोकू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 साली 1.3 नॅनोमीटरच्या थरात उभं चुंबकन दाखवलं, आणि तेव्हापासून हा पदार्थ जगभरच्या प्रयोगशाळांत रोजचा झाला. तराजू समतोल असताना एक दाणा टाकला तरी काटा हलतो, तसं या जाडीजवळ थोड्याशा दाबालाही वजन येतं.

या जोडीची आणखी एक खुबी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने अणू उडवून) थर टाकला जातो तेव्हा कोबाल्ट-लोह-बोरॉन काचेसारखं विस्कळीत असतं, स्फटिक नसतं. मग सगळी चळत सुमारे 300 अंश सेल्सिअसला तापवतात. बोरॉन खालच्या टँटलमच्या थराकडे सरकतं आणि उरलेले कोबाल्ट-लोहाचे अणू वरच्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकाकडे बघून आपली रांग लावतात. सीमा चांगली हवी म्हणून शेजाऱ्याकडूनच शिस्त उसनी घ्यायची, अशी ही रीत आहे. थर एकमेकांवर केवळ रचलेले नाहीत, एकमेकांना घडवतात.

दाबाला पकड कुठे मिळते

दार उघडायचं तर ते बिजागरीपासून लांब ढकलावं लागतं. बिजागरीच्याच दिशेने ढकललं तर कितीही जोर लावा, दार हलत नाही. दाबाच्या बाबतीत नेमकं हेच होतं, आणि या प्रकरणातली ही सर्वांत नाजूक जागा आहे.

दाब चुंबकाला हलवत नाही, त्याची उभं राहण्याची आवड कमी-जास्त करतो. चुंबकन पूर्ण उभं असेल तर आवड वाढो की घटो, ते जिथे आहे तिथेच राहतं, पीळ, म्हणजे वळवणारा जोर, शून्य. ते पूर्ण आडवं असेल तरीही पीळ शून्य, कारण उभ्या दिशेला त्याचा अंशच नाही आणि आवड बदलून धरायला काही सापडत नाही. पीळ मिळतो तो चुंबकन तिरपं असताना, आणि सर्वांत जास्त 45 अंशांना. म्हणून प्रयोग करणारे बाहेरून चुंबकक्षेत्र लावून चुंबकन सीमेच्या तुलनेत कलतं ठेवतात. मग दाब खाली-वर झाला की कल खाली-वर होतो, आणि दाबाची लय चुंबकाच्या स्वतःच्या लयीशी जुळली की डोलणं मोठं होतं.

लय जुळवण्यासाठी बाहेरचं क्षेत्र बदलता येतं. मुक्त इलेक्ट्रॉनच्या स्पिनला एका टेस्लामागे सुमारे 28 गिगाहर्ट्झची लय असते. पातळ थरात त्यात आकाराची आणि सीमेची ओढ मिसळते, पण मूळ माप तेच.

आडव्या चुंबकनावर दाब कायमचा हतबल आहे असंही नाही. झोपाळ्यावर उभं राहून झोका वाढवणारं पोर पाहिलं असेल. ते एका झोक्यात दोनदा बसतं आणि दोनदा उठतं. त्याला कोणी ढकलत नाही, ते स्वतःचा तोल वर-खाली करतं आणि झोका वाढतो, मात्र झोपाळा आधीपासून थोडा हलत असावा लागतो. चुंबकात उष्णतेमुळे स्पिन थोडे हलतच असतात. त्यांना त्यांच्या दुप्पट लयीचा दाब दिला आणि तो दाब घर्षणावर मात करण्याइतका मोठा असला, की तीच किंचित हालचाल फुगून लहर होते. ओकलंड, कीव आणि अर्व्हाइनच्या शास्त्रज्ञांनी 2014 साली हे गणिताने मांडलं, आणि 2017 मध्येच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत इल्या क्रिव्होरोतोव यांच्या गटाने चुंबकीय जोडात ते प्रत्यक्ष पाहिलं. एकाच वर्षी एकाच प्रश्नाला दोन वेगळ्या बाजूंनी हात घातला गेला.

दाबाने की प्रवाहाने

विद्युतरोधक थर मध्ये आहे म्हणून प्रवाह नाही, असं म्हणून सुटता येत नाही. दोन धातूंच्या मध्ये विद्युतरोधक म्हणजे कपॅसिटर, आणि कपॅसिटरमधून उलटसुलट प्रवाह जातोच. वारंवारता जितकी जास्त, तितका तो जास्त. मग लहर उठली ती दाबामुळे, की पट्टीत शिरणाऱ्या-निघणाऱ्या या प्रवाहाच्या ओर्स्टेडच्या क्षेत्रामुळे?

आकडे घालून पाहू. हे माझे कागदावरचे आकडे आहेत, कुठल्या एका नमुन्याचे नाहीत. पट्टी 10 मायक्रोमीटर लांब आणि 1 मायक्रोमीटर रुंद, ऑक्साइड 2 नॅनोमीटर जाड, दाब 0.2 व्होल्ट, वारंवारता पाच गिगाहर्ट्झ. धारिता येते सुमारे 0.43 पिकोफॅरड, आणि तिचा अडथळा जवळपास 75 ओहम. म्हणजे प्रवाह अडीच मिलिअँपियरच्या पुढे. हा प्रवाह पट्टीच्या तोंडाशी शिरतो तेव्हा खालच्या थरात सुमारे दीड मिलिटेस्लाचं क्षेत्र तयार करतो.

आता दाबाचा वाटा. या थरात दाबाची परिणामकारकता व्होल्ट-मीटरला 30 फेम्टोज्यूल धरली, जी कोबाल्ट-लोह-बोरॉनसाठी वाजवी आहे, आणि चुंबकी थर 2 नॅनोमीटरचा, तर नॅनोमीटरला 0.1 व्होल्टच्या क्षेत्रात विषमदैशिकतेतला बदल सुमारे अडीच मिलिटेस्लाच्या चुंबकक्षेत्राएवढा भरतो. मुंबईत पृथ्वीचं चुंबकक्षेत्र 0.04 मिलिटेस्लाच्या आसपास आहे, त्याच्या साठपट. ऐकायला भरपूर. पण चुंबकन तिरपं असल्याने त्यातला एक भागच पीळ म्हणून हाती येतो. थोडक्यात, दाब आणि प्रवाह दोघेही एकाच तोलाचे निघाले. असा नमुना घेऊन "पाहा, दाबाने लहर उठली" असं कोणी म्हटलं, तर शंका घेणाऱ्याची बाजू बरोबर ठरेल.

तोड निघते ती मापांतून. पट्टी लहान केली तर धारिता घटते, प्रवाह घटतो. प्रवाहाच्या दिशेतली लांबी 10 वरून 1 मायक्रोमीटर केली की ओर्स्टेडचं क्षेत्र दहापट कमी होतं. दाबाचा वाटा मात्र तसाच राहतो, कारण तो ऑक्साइडच्या जाडीवर अवलंबून आहे, पट्टीच्या लांबीवर नाही. जितकं लहान करावं तितकं दाबाचं पारडं जड. तारेच्या रीतीत उलट होतं: तार बारीक करावी तसा तिचा रोध वाढतो आणि ती जास्त तापते. चिपच्या जगात या पद्धतीला भवितव्य असेल तर ते या एका गुणामुळे, असं माझं मत आहे.

दुसरी तोड कोनाची. ओर्स्टेडचं क्षेत्र सपाट दिशेचं असतं, त्याचा पीळ चुंबकनाच्या कलाबरोबर एका प्रकारे बदलतो. दाबाचा पीळ पूर्ण उभ्या आणि पूर्ण आडव्या अवस्थेत नाहीसा होतो आणि मध्ये वाढतो. बाहेरच्या क्षेत्राचा कोन हळूहळू फिरवत संकेताची उंची टिपली की दोघांची वेगळी चाल दिसते. 2012 साली नोझाकी आणि सहकाऱ्यांनी पातळ लोह-कोबाल्टच्या थरात दाबाने चुंबकन डोलवलं, तेव्हा ते प्रवाहामुळे होणाऱ्या डोलण्यापेक्षा वेगळं ओळखता येतं, हे दाखवण्यावरच भर होता. लहर दूर जाऊन पोचते तेव्हाही हा प्रश्न सुटत नाही, उलट आणखी एक शंका जोडली जाते: संकेत चुंबकातून आला की हवेतून, थेट विद्युतचुंबकीय गळतीने? बाहेरचं क्षेत्र बदलल्यावर संकेताची वारंवारता सरकली तर तो चुंबकातून आला. गळतीला चुंबकक्षेत्राशी देणंघेणं नसतं.

किती लांब

कोबाल्ट-लोह-बोरॉनमधली लहर फार दूर जात नाही. थर जितका पातळ तितका लहरीचा वेग कमी, आणि धातूत डोलणं लवकर विरतं. दोन नॅनोमीटरच्या थरासाठी ठोकताळा मांडला तर अंतर मायक्रोमीटरच्या घरात येतं. यट्रियम आयर्न गार्नेट, म्हणजे यट्रियम, लोह आणि ऑक्सिजनचं स्फटिक, यात लहर मिलिमीटरही चालते, पण ते विद्युतरोधक आहे आणि त्याच्या सीमेवर दाबाची ही युक्ती तितकी सहज चालत नाही. लहर सहज उठवता येणारा पदार्थ तिला लांब नेत नाही, आणि लांब नेणाऱ्यात ती उठवणं अवघड. या क्षेत्रातल्या कितीतरी कामांचं मूळ या तिढ्यात आहे.

नंतर

रिकेनच्या कामाचा धागा भारतात आला. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रातले अंजन बर्मन, त्यांचे विद्यार्थी आणि जपानी सहकारी यांनी 2020 साली याच जातीच्या थरांवर दाब देणाऱ्या बारीक पट्ट्यांची रांग बसवली. दाब दिला की पट्ट्यांखाली चुंबकाचा स्वभाव बदलतो आणि लहरींसाठी नॅनो-मार्गिका तयार होतात. दाब काढला की मार्गिका पुसल्या जातात. लहरी प्रकाशाच्या विकिरणाने, ब्रिल्वाँ पद्धतीने मोजल्या. दाबाने लहर उठवणं हे एक काम आणि दाबानेच तिचा रस्ता आखणं हे दुसरं, आणि दोन्ही त्याच सीमेवरून होतात. मॅग्नॉन ज्या सांख्यिकीने वागतात ती सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 साली मांडलेलीच, हे त्या संस्थेचं नाव वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही.

आज या प्रकरणाची गाठ पदार्थात आहे. मॅग्नेशियम ऑक्साइडवर नॅनोमीटरला एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त क्षेत्र दिलं तर तो फुटतो, म्हणजे दाब वाढवून लहर मोठी करायला मर्यादा आहे. वाढवायची ती परिणामकारकता. 2017 सालीच जपानमधल्या त्सुकुबात लोखंडाच्या थरात इरिडियमचे अणू मिसळून ती व्होल्ट-मीटरला 320 फेम्टोज्यूलपर्यंत नेली गेली, मी वर धरलेल्या आकड्याच्या दहापट. इरिडियम हा जड अणू आहे. त्याच्यात इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षा यांची गाठ घट्ट असते, म्हणून सीमेवरचा एक जादा इलेक्ट्रॉन तिथे जास्त ओढ निर्माण करतो. अशा थरातून लहरही दहापट उठेल का, की इरिडियममुळे ती तितक्याच लवकर विरेल, हे त्या थरावर पट्टी आखून मोजायचं काम आहे.